आत्महत्येची पूर्वचिन्हे : ओळखावी कशी, आधार द्यावा कसा?

भोपाळमध्ये वैद्यकी करणाऱ्याला १९८४ सालच्या २ आणि ३ डिसेंबरमधल्या रात्रीची ओळख करून द्यावी लागत नाही. वायुगळतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सर्वांचे लक्ष रुग्णांचे डोळे आणि फुप्फुसे यांकडे होते, आणि ते स्वाभाविकही होते. मनाला झालेल्या इजेची दखल त्यानंतर घेतली गेली. १९८५ साली लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. बी. बी. सेठी यांच्या पथकाने भोपाळमधील वायुपीडितांच्या दहा दवाखान्यांत येणाऱ्या ८५५ रुग्णांना एका साध्या प्रश्नावलीतून मनःस्थितीविषयी विचारले. पुढील तपासणीत त्यांपैकी १९३ जणांना, म्हणजे शेकडा २२.६ रुग्णांना, मानसिक विकार असल्याचे निदान झाले. त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते आणि विकार मुख्यतः नैराश्य व चिंता यांचे होते.

हे रुग्ण मनाची तक्रार घेऊन आलेले नव्हते. कोणी धाप लागते म्हणून आले होते, कोणी डोळे चुरचुरतात म्हणून, तर कोणी अंगात त्राण नाही म्हणून. कोणीतरी विचारले, म्हणून त्यांचे दुःख नोंदीत आले. त्या काळी राज्यात मनोविकारतज्ज्ञ अत्यंत मोजके होते. तेव्हा बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेतील डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे काम करणाऱ्या सुमारे ५० वैद्यकीय अधिकाऱ्यांना अल्प मुदतीचे प्रशिक्षण दिले. सामान्य डॉक्टरने मनाची तपासणी करावी, प्राथमिक उपचार करावेत आणि आवश्यक तेव्हा रुग्ण तज्ज्ञाकडे पाठवावा, एवढाच त्याचा हेतू होता. पुष्कळ ठिकाणी आज जी गोष्ट नवी म्हणून सांगितली जाते, ती आपल्या शहरात चार दशकांपूर्वी, अत्यंत कठीण परिस्थितीत, करून पाहिली गेली होती.

त्या अनुभवाचा धडा थोडक्यात सांगायचा तर, जे विचारले जात नाही ते सापडत नाही. आत्महत्येच्या बाबतीत हा धडा अक्षरशः जीवनमरणाचा ठरतो. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने आपण वैद्यक व्यावसायिकांनी, आणि ही स्मरणिका घरी वाचणाऱ्या आपल्या कुटुंबीयांनीही, या विषयाचा थोडा सविस्तर विचार करावा असे वाटते.

आकड्यांमागची माणसे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. म्हणजे सरासरी दर तीन मिनिटांना एक जीव गेला. राज्यवार यादीत महाराष्ट्र २२,७४६ मृत्यूंसह पहिल्या, तामिळनाडू १९,८३४ मृत्यूंसह दुसऱ्या आणि आपला मध्य प्रदेश १५,३८६ मृत्यूंसह तिसऱ्या क्रमांकावर होता. आपली कर्मभूमी तिसरी आणि आपल्यापैकी अनेकांची मूळभूमी पहिली, हा योग कोणालाही अस्वस्थ करील. आपल्या राज्यात त्या वर्षी दररोज सरासरी ४२ घरांवर हा आघात झाला. आणि या नोंदी केवळ मृत्यूंच्या आहेत. ज्यांनी प्रयत्न केला आणि वाचले, त्यांची संख्या याहून कितीतरी अधिक असते.

कारणांच्या रकान्यात त्या वर्षी कौटुंबिक समस्या शेकडा ३१.७ आणि आजारपण शेकडा १८.४ अशी नोंद आहे. पोलिसी पंचनाम्याला एक कारण लिहावे लागते. माणसाच्या मनात मात्र एकच कारण क्वचितच असते. कर्ज, नापास होणे, विवाहातील कलह, दुर्धर व्याधी, अपमान हे निमित्त असते. त्यामागे अनेकदा न ओळखलेले नैराश्य, मद्याचे व्यसन, दीर्घकाळची वेदना आणि एकाकीपण अशा गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतात. ‘परीक्षेत नापास झाला म्हणून’ किंवा ‘सासूशी भांडण झाले म्हणून’ असे एका वाक्यातले स्पष्टीकरण त्या व्यक्तीवर अन्याय करते, आणि मागे राहिलेल्यांच्या माथी आयुष्यभराचा दोषही मारते.

दार आपलेच ठोठावले जाते

पाश्चात्त्य देशांतील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात आत्महत्येने मृत्यू पावलेल्यांपैकी सुमारे शेकडा ४५ व्यक्ती मृत्यूपूर्वीच्या महिन्याभरात आपल्या सामान्य डॉक्टरला भेटून गेल्या होत्या, असे आढळले. मानसोपचार सेवेशी त्याच काळात संपर्क आलेल्यांचे प्रमाण सुमारे शेकडा २० होते. आपल्याकडे तर मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढणे अधिकच अवघड. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न आड येतोच. तेव्हा संकटातला माणूस पोहोचलाच, तर तो बहुधा आपल्यापर्यंत पोहोचतो, आणि तोही वेगळ्याच तक्रारीचे बोट धरून.

भोपाळमधील कोणत्याही दवाखान्यात दिवसातून दहा वेळा ऐकू येणारे शब्द आठवून पाहावेत : ‘घबराहट होती है’, ‘नींद नहीं आती’, ‘मन नहीं लगता’, छातीत धडधडते, डोके जड राहते, भूक मेली आहे, पोटात वायू धरतो. मराठी घरातली मंडळी ‘जीव घाबरा होतो’ म्हणतील, ‘कशातच राम वाटत नाही’ म्हणतील. इलेक्ट्रोकार्डिओग्राम स्वाभाविक निघतो, रक्ताचे अहवाल ठीक येतात, आणि ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे आश्वासन देऊन आपण पुढच्या रुग्णाकडे वळतो. ज्याला खरोखरच काही झालेले आहे, त्याच्या दृष्टीने हे वाक्य म्हणजे बंद झालेले दार असते.

तीन गैरसमज

या विषयाभोवती अनेक समजुती घट्ट बसलेल्या आहेत. त्यांपैकी तीन विशेष घातक होत.

पहिला गैरसमज : ‘जो बोलतो तो करीत नाही.’ वस्तुस्थिती अशी की, पुष्कळ व्यक्तींनी मृत्यूपूर्वी कोणाजवळ तरी, स्पष्ट किंवा आडवळणाने, आपला विचार बोलून दाखवलेला असतो. असे बोलणे ही धमकी समजून झटकू नये. ती मदतीची हाक समजावी.

दुसरा गैरसमज : ‘आत्महत्येविषयी विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरवल्यासारखे होईल.’ ही भीती अनेक अनुभवी डॉक्टरांच्याही मनात असते. न्यूयॉर्क राज्यातील २,३४२ शालेय विद्यार्थ्यांवरील एका अभ्यासात, २००५ साली, ही शंका प्रत्यक्ष पडताळून पाहण्यात आली. ज्यांना आत्महत्येविषयी थेट प्रश्न विचारले गेले, त्यांच्यात त्यामुळे त्रास किंवा तसे विचार वाढलेले आढळले नाहीत. उलट जे आधीच खिन्न होते, त्यांना विचारल्यामुळे काहीसे हलकेच वाटले. विंचू चावला का, असे विचारल्याने विष चढत नाही.

तिसरा गैरसमज : ‘ज्याने ठरवले आहे, त्याला ब्रह्मदेवही अडवू शकणार नाही.’ आत्यंतिक क्षणीही माणसाच्या मनात मरण्याची आणि जगण्याची इच्छा एकमेकींशी झगडत असतात. बहुतेकांना जीवन संपवायचे नसते, असह्य झालेली वेदना संपवायची असते. तो तीव्र झटका अनेकदा काही मिनिटांचा किंवा तासांचा असतो. तेवढा वेळ सोबत मिळाली आणि घातक साधन हाताशी नसले, तर माणूस तरून जातो.

पूर्वचिन्हे कोणती?

एखादे चिन्ह सुटे दिसले म्हणून घाबरून जाऊ नये; परंतु दोनतीन चिन्हे एकत्र दिसली, किंवा माणसाच्या नेहमीच्या वागण्यात ठळक बदल झाला, तर थांबून विचारावे.

बोलण्यातील चिन्हे : ‘मी आता सर्वांना भार झालो आहे.’ ‘माझ्यामागे तुम्ही सुटाल.’ ‘आता पुढच्या दिवाळीचे काही बोलू नका.’ ‘झोपावे आणि उठूच नये असे वाटते.’ थट्टेच्या स्वरात म्हटलेली अशी वाक्येही मोजूनमापून ऐकावीत.

वागण्यातील चिन्हे : माणसांत मिसळणे बंद होणे, झोप अगदी उडणे किंवा फार वाढणे, मद्यपान वाढणे, वाहन बेदरकारपणे चालवणे, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, अकस्मात मृत्युपत्र, विमा, बँकेचे कागद यांची निरवानिरव करणे, दूरच्या आप्तांना निरोपासारखे फोन करणे, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची नियमित औषधे कारणाशिवाय बंद करणे, मरणाच्या साधनांविषयी माहिती काढणे किंवा ती जवळ बाळगणे.

मनःस्थितीतील चिन्हे : हताशा, अपराधाची टोचणी, असह्य लाज, सतत चिडचिड, जिवाची तगमग. यांत एक चिन्ह फसवे आहे. दीर्घकाळ अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत, प्रसन्न दिसू लागला, तर घरच्यांना हायसे वाटते. कधी ती खरी सुधारणा असते. कधी मात्र मनाशी निर्णय झाल्याची ती शांतता असते. म्हणून अशा वेळी लक्ष काढून घेऊ नये, विचारपूस चालूच ठेवावी.

याखेरीज काही परिस्थितींत धोका मुळातच अधिक असतो. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न झालेला असणे हे त्यांत सर्वांत महत्त्वाचे. नैराश्य, द्विध्रुवीय विकार, स्किझोफ्रेनिया, मद्यासक्ती, कुटुंबात पूर्वी झालेली आत्महत्या, कर्करोगासारख्या व्याधीचे नुकतेच झालेले निदान, बाळंतपणानंतरचे महिने, घरातील हिंसा या गोष्टी नोंदवाव्यात. मनोरुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडेही विशेष जपण्याचे असतात. परीक्षांच्या निकालाचा आठवडा तर प्रत्येक पालकाने दिनदर्शिकेत खूण करून ठेवावा. बोर्डाच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्यांना पुन्हा संधी देणारी योजना मध्य प्रदेश शासनाने २०१६ साली ‘रुक जाना नहीं’ या नावाने सुरू केली होती. ते नाव प्रत्येक घरात निकालाच्या आदल्या रात्रीच उच्चारले जावे.

आपल्या समाजातील एकाकीपण

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि भोपाळ राजधानी बनले, तेव्हा नागपूरहून शासकीय कर्मचाऱ्यांची अनेक मराठी कुटुंबे येथे आली. पुढे भेलच्या कारखान्यात, बँकांत, महाविद्यालयांत आणखी आली आणि रुजली. त्यांची पुढची पिढी आता पुण्याला, बंगळुरूला किंवा साता समुद्रांपलीकडे आहे. मोठ्या घरात दोघे, आणि एक गेल्यावर एकच, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. वृद्धांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ते तरुणांच्या तुलनेत कमी बोलतात, परंतु त्यांनी केलेला प्रयत्न जिवावर बेतण्याची शक्यता अधिक असते. ‘वयामुळे असे होणारच’ म्हणून त्यांच्या खिन्नतेकडे दुर्लक्ष करणे हा मोठा अपराध होय.

पुढील प्रसंग कोणा एका रुग्णाचा नाही. दवाखान्यात घडू शकणाऱ्या अनेक भेटींवरून तो रचला आहे. भेलमधून निवृत्त झालेले सत्तरीचे एक विधुर गृहस्थ रक्तदाब तपासायला येतात. दाब बराच वाढलेला आहे. गणेशोत्सवाचा हिशेब वर्षानुवर्षे तेच ठेवीत; यंदा त्यांनी वह्या दुसऱ्याच्या स्वाधीन केल्या आहेत आणि घरातली पेटीही मंडळाला देऊन टाकली आहे.

‘काका, गोळ्या का बंद केल्यात?’

‘आता कशाला, डॉक्टरसाहेब? झालं सगळं.’

‘झालं सगळं म्हणजे काय, ते मला नीट सांगा. मला घाई नाही.’

थोडा वेळ ते गप्प राहतात. डॉक्टरही गप्प राहतात.

‘काका, स्पष्टच विचारतो. जीव द्यावा असं कधी मनात येतं का?’

‘येतं. रात्री येतं. मुलांना फोनवर काय सांगणार? उगीच घोर लागेल त्यांना.’

‘मला सांगितलंत, फार बरं केलंत. यावर उपाय आहे आणि तो आपण आजच सुरू करू. पण आज तुम्ही एकटे घरी जायचं नाही. कोणाला बोलावू?’

‘पुतण्या असतो कोलार रोडला.’

या संभाषणाला पाच मिनिटेही लागत नाहीत. त्यात कोणतेही दुर्मीळ कौशल्य नाही. बंद केलेली गोळी, परत केलेली वही आणि देऊन टाकलेली पेटी या तीन गोष्टी एकत्र पाहणे, प्रश्न थेट विचारणे आणि उत्तर ऐकल्यावर दचकून विषय न बदलणे, इतकेच त्यात आहे.

विचारावे कसे?

एकांत असावा. नातेवाईकांना थोडा वेळ बाहेर बसवावे. सुनेसमोर सासरा किंवा पतीसमोर पत्नी मन मोकळे करीलच असे नाही. प्रश्नांची पायरी सौम्याकडून स्पष्टाकडे जावी : झोप कशी आहे, कशात मन रमते का, जगण्याचा कंटाळा येतो का, मरून जावे असे वाटते का, स्वतः जीव देण्याचा विचार येतो का, कसा आणि केव्हा हे मनाशी ठरवले आहे का, साधन जवळ आहे का, पूर्वी कधी प्रयत्न केला होता का. शेवटी हेही अवश्य विचारावे : ‘आजवर कशाने तुम्हाला थांबवले?’ नातवंड, कुलदैवत, अपुरे राहिलेले काम, पाळलेले कुत्रे. उत्तर काहीही असो, तोच उपचाराचा पहिला आधार असतो. हिंदीभाषक रुग्णाला ‘कभी ऐसा लगता है कि जीना बेकार है?’ असे विचारले, तर पुढचे तो स्वतःच बोलतो.

काय बोलू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘भ्याड माणसेच असा विचार करतात’, ‘तुला काय कमी आहे?’, ‘आईबापांचा तरी विचार कर’, ‘देवाची शपथ घे’ अशा वाक्यांनी बोलणारा लाजून मुका होतो. उपदेश, तुलना आणि वादविवाद टाळावेत. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ‘तुमचा जीव सुरक्षित राहावा यासाठी ज्यांना सांगणे आवश्यक आहे, त्यांनाच सांगू’ असे प्रामाणिकपणे म्हणावे.

धोका दिसल्यास पुढे काय?

विचार आहे, योजना आहे आणि साधनही हाताशी आहे, अशी स्थिती असेल तर ती हृदयविकाराच्या झटक्याइतकीच तातडीची समजावी. पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात :

१. व्यक्तीला क्षणभरही एकटे सोडू नये. विश्वासातल्या माणसाला बोलावून घ्यावे आणि जबाबदारी स्पष्ट शब्दांत सोपवावी.

२. घरातील औषधांचा साठा, कीटकनाशके व अन्य घातक वस्तू त्याच दिवशी हलवाव्यात किंवा कुलूपबंद कराव्यात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यानंतर तेथील आत्महत्यांचे प्रमाण १९९५ नंतरच्या दोन दशकांत सुमारे शेकडा ७० नी उतरले. साधन दूर गेले की दुसरा मार्ग शोधतीलच, हा समज त्या अनुभवाने खोटा ठरवला आहे.

३. मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊन पाठवून मोकळे होऊ नये. स्वतः फोन करून वेळ ठरवावी आणि रुग्ण पोहोचला की नाही याची खात्री करावी. स्थिती गंभीर असल्यास जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात सोबतीने न्यावे.

४. व्यक्तीच्या हस्ताक्षरात एक छोटे सुरक्षापत्रक लिहून घ्यावे : विचार उसळू लागल्याची माझी खूण कोणती, तेव्हा मी स्वतः काय करीन, कोणाकडे जाऊन बसेन, कोणाला फोन करीन, कोणत्या डॉक्टरला गाठीन, घर सुरक्षित कसे ठेवीन. ते पत्रक खिशात राहावे.

५. केंद्र शासनाची ‘टेलीमानस’ ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठी व हिंदीसह अनेक भारतीय भाषांत, प्रशिक्षित समुपदेशकाशी बोलता येते. हा क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर, औषधाच्या चिठ्ठीवर आणि प्रत्येक घरातील फोनमध्ये असावा.

नैराश्याचे औषध सुरू करताना दोन सावधगिरी बाळगाव्यात. गुण दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात, हे रुग्णाला आधीच सांगावे. अन्यथा ‘यानेही काही झाले नाही’ ही नवी निराशा पदरी पडते. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतील रुग्णांत, अस्वस्थता वाढते का याकडे बारीक लक्ष द्यावे, भेटी लवकर ठेवाव्यात. औषधे थोड्याच दिवसांची लिहून द्यावीत आणि ती घरातल्या जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात राहावीत.

पाठपुरावा हेच औषध

आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्यांसाठी काय करता येईल, याचा एक मोठा अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केला. चेन्नई हे त्यांपैकी एक केंद्र होते. एकूण १,८६७ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय सुमारे तासभराचे एक माहितीपर संभाषण आणि पुढील १८ महिन्यांत फोनने किंवा भेटीने नऊ वेळा विचारपूस, एवढेच अधिक मिळाले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा २.२ होते, तर दुसऱ्या गटात शेकडा ०.२. ‘कसे आहात?’ हा नऊ वेळा विचारलेला प्रश्न इतके करू शकतो.

महाराष्ट्रातील अनुभवही असाच आशादायक आहे. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत, ‘संगत’ या संस्थेने ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघर मनाच्या आरोग्याविषयी बोलणे सुरू करणे, सौम्य त्रासासाठी गावातच समुपदेशन देणे आणि गंभीर रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचवणे, असे त्याचे स्वरूप होते. डॉ. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, १८ महिन्यांच्या अंतराने झालेल्या दोन पाहण्यांत नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५.२ वरून २.५ वर आले. आपल्या शेजारच्या सीहोर जिल्ह्यातही २०११ पासून ‘प्राइम’ प्रकल्पाच्या द्वारे सामुदायिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व कर्मचाऱ्यांना अशाच कामासाठी तयार करण्यात आले. तात्पर्य, १९८५ साली भोपाळमध्ये जो मार्ग धरला गेला, तोच आजही फलदायी आहे.

कायद्याची भीती

आपल्या भाषेतील शब्दातच ‘हत्या’ आहे. त्यामुळे या विषयाला दीर्घकाळ गुन्ह्याचा वास चिकटून राहिला. भारतीय दंडविधानाच्या ३०९ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न शिक्षापात्र होता. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने, मानसिक आजार असलेल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात, ते कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तेच मत दिले आणि १९९६ साली मात्र पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवले. अखेर २९ मे २०१८ रोजी अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या ११५ व्या कलमाने असे गृहीत धरले की, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली असते. तिला शिक्षा न करता उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा निराळा गुन्हा मानला आहे. पोलिसांना कळवण्याची रुग्णालयाची कार्यपद्धती आपल्या जागी राहील. परंतु प्रथम उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच निःसंदिग्धपणे सांगितलेले आहे. कुटुंबांना हे समजावून सांगितले पाहिजे, कारण केवळ पोलिसांच्या भीतीने रुग्णाला उशिरा आणल्यामुळेही जीव जातात.

आपल्याच पंगतीतले

हा लेख डॉक्टरांच्या स्मरणिकेत आहे, म्हणून घरचे दुःखही बोलले पाहिजे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाकडून माहितीच्या अधिकारात मिळालेल्या आकड्यांनुसार पाच वर्षांच्या काळात देशात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या १२२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी ६४ एमबीबीएसचे आणि ५८ पदव्युत्तर शिक्षण घेणारे होते. आयोगाच्याच कृतिदलाने २०२४ साली केलेल्या पाहणीत, प्रतिसाद देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी शेकडा ३१ जणांनी मागील वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचे सांगितले. सलग ड्यूट्या, अपुरी झोप, वरिष्ठांकडून होणारा पाणउतारा, रुग्ण दगावल्यानंतर नातेवाईकांचा रोष, आणि ‘डॉक्टरला कसला आला मनाचा आजार’ ही समजूत, यांचे ओझे आपली मुले वाहत आहेत. प्रौढ डॉक्टरांची अवस्थाही वेगळी नाही. आपण स्वतःची झोपेची गोळी स्वतःच लिहून घेतो आणि सहकाऱ्याकडे जायला संकोचतो.

म्हणून एक साधी सूचना. आपल्या मंडळाच्या सभासदांनी एकमेकांशी अलिखित करार करावा : वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येक मराठी वैद्यकीय विद्यार्थ्याला येथील एका डॉक्टर कुटुंबाने आपला मानावे. महिन्यातून एकदा त्याला जेवायला बोलवावे, आणि पानावर वाढताना ‘अभ्यास कसा चाललाय’ याच्याआधी ‘झोप लागते का रे बाळा?’ असे विचारावे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांची अशीच वाटणी करून घ्यावी. यासाठी निधी लागत नाही, सभागृह लागत नाही, शासनाची मंजुरीही लागत नाही.

जे राहून गेले, त्यांच्याविषयीही दोन शब्द. आत्महत्येने ज्यांच्या घरातील माणूस गेला, त्यांच्याकडे लोक येणे टाळतात, कारण काय बोलावे हे सुचत नाही. अशा घरी जावे. कारणे विचारू नयेत. गेलेल्या माणसाचे नाव घेऊन त्याच्या चांगल्या आठवणी सांगाव्यात. त्या घरातील मुलांवर आणि जोडीदारावर पुढे वर्षभर तरी लक्ष ठेवावे, कारण धोक्याची छाया आता त्यांच्यावरही असते. आणि हा लेख वाचत असताना ज्यांना आपल्याच मनातले काही ओळखीचे वाटले असेल, त्यांनी आजच एका माणसाला ते सांगावे. जवळ कोणी नसेल तर १४४१६ वर बोलावे. ही वेदना उपचाराने कमी होते, हे वैद्यकशास्त्राचे सांगणे आहे, ती नुसती समजूत नव्हे.

प्रत्येक आत्महत्या टाळता येतेच असे नाही, आणि सर्व केल्यानंतरही एखादा रुग्ण गमावला तर त्या डॉक्टरने स्वतःला दोषी ठरवू नये. परंतु पुष्कळ मृत्यू टाळता येतात, आणि त्यांचे निवारण आपल्या टेबलापलीकडच्या खुर्चीपासून सुरू होते. उद्या दवाखान्यात ‘घबराहट’ सांगणारा पहिला रुग्ण येईल, तेव्हा रक्तदाबाचा पट्टा सोडताना आपण आणखी एक प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत थांबावे.